गेटच्या आतलं पाणी

कूलर उघडायचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. होळीची राख अजून कोपऱ्यावर असते, दुपारच्या वाऱ्याला नुकती धार येऊ लागलेली असते, आणि सिविल लाइंसमधल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात माझे वडील, नाना, लोखंडी कूलरच्या जाळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवतात. गेल्या वर्षीचं गवत काळं पडून कडक झालेलं असतं. ते उपसलं की धूळ, शेवाळ आणि शिळ्या पाण्याचा मिळून एक वास येतो. झाँसीतल्या बाकीच्या लोकांना त्या वासाने उन्हाळ्याची सुट्टी आठवत असेल, आजोळ आठवत असेल. मला सीपरी बाज़ारातलं एक ऑफिस आठवतं, त्या ऑफिसातून घालवून दिलेली रजनी आठवते, आणि मग दिवसभर मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत फिरते.

यंदा तर जाळ्या भिंतीला टेकलेल्या असतानाच खरेजींचा फोन आला. आडनावावरून कुणी त्यांना आपल्यातलं समजू नये. हे खरे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात बुंदेली बोलणारे, आणि आमच्या मराठीला ‘आपकी वो वाली भाषा’ म्हणणारे. सीपरीत चपलांच्या दुकानावर त्यांची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. तिथे मी बरीच वर्षं प्रोग्राम सांभाळायचं काम केलं. सांभाळायचं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं चालू ठेवायचं.

“वसुधा जी, सीजन सिर पर है,” खरेजी म्हणाले. “टैंकर वाला प्रोग्राम फिर तंग कर रहा है. आप बस एक बार देख लीजिए.”

“अंकुर से कहिए. उसी का लिखा है.”

“अंकुर तो अब बड़ा आदमी हो गया. फोन कहाँ उठाता है.”

“फिर रजनी से कहिए.”

पलीकडे खरेजींनी घसा खाकरला. “अरे वसुधा जी, वो पुरानी बात हो गई…”

मी फोन बंद केला. पुरानी बात! ज्याच्या अंगावर जखम नाही त्याला प्रत्येक गोष्ट लवकर जुनी वाटते. रजनीला दुसऱ्याच्या करणीसाठी घालवली, ही गोष्ट माझ्यापुरती एक दिवसही जुनी झालेली नाही. कुणीतरी तिच्यासमोर उभं राहून ‘चूक तुझी नव्हती’ एवढं म्हणावं, हे मला तेव्हापासून हवं आहे. माझ्या म्हणण्याला किंमत नाही. ते खरेजींनी म्हणायला हवं.

नाना कूलरच्या टंकीत डोकं घालून बसले होते. ते रेल्वेच्या कारखान्यात कारकून होते, पण कारखान्यातल्या दुरुस्तीचं वेड ते घरी घेऊन आले. दर वर्षी टंकी खरवडायची, तळाला डांबर लावायचं, पंप उघडून साफ करायचा, नवं गवत दाबून भरायचं. आमच्या घरात गंज म्हणत नाहीत, जंग म्हणतात. इथे राहून अशा किती गोष्टींची नावं बदलली.

“यंदा जंग फार लागलाय,” नाना आतूनच म्हणाले. “कुणाचा फोन?”

“खरेजींचा. टँकरचं बिघडलंय म्हणे.”

“बिघडणारच. तळाला कुणी हात लावला होता का कधी?”

नानांना प्रोग्राम म्हणजे काय ते धड ठाऊक नाही. त्यांना सगळ्या जगाचा तळ डांबर लावण्यासारखा दिसतो. पण त्या दिवशी मला त्यांच्यावर खेकसता आलं नाही.

रजनी बरुआसागरहून बसने यायची. घरची भाजीची शेती, आल्याचे वाफे. तिच्या पिशवीत डब्याशेजारी एखादा आल्याचा गड्डा हमखास असायचा, आणि तिच्या टेबलापाशी गेलं की ओल्या मातीचा आणि आल्याचा वास यायचा. उन्हाळ्यात डोक्याला ओला गमछा गुंडाळून ती जिना चढायची आणि वर येईपर्यंत तो वाळलेला असायचा. ती कमी बोलायची, आणि बोलायची तेही हळू. तिची एक सवय मला फार आवडायची. दुसऱ्याचा कोड हातात आला की त्यात काही लिहायच्या आधी ती तो सगळा वाचायची, ओठ हलवत, पोथी वाचल्यासारखी. आमच्या धंद्यात ही सवय असलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. बाकीचे आधी लिहितात आणि मग, वेळ मिळाला तर, कपाळाला हात लावतात.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी तिला घरी बोलावलं होतं. इथली मराठी घरं आता इतकी थोडी उरली आहेत की हळदीकुंकवाला निम्म्या बायका हिंदी बोलणाऱ्याच असतात. आंब्याच्या डाळीचा पहिला घास घेऊन रजनी थबकली. “दीदी, ये तो कच्ची दाल है!” मी सांगितलं, भिजवून वाटलेली, वरून कैरी आणि फोडणी. तिने विचार केला आणि पुन्हा वाटी पुढे केली. पन्हं मात्र तिला ओळखीचं होतं. बुंदेलखंडात उन्हाची लू लागू नये म्हणून घरोघरी ते पितात. त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तेव्हा तिने मला पहिल्यांदा सांगितलं की टँकरच्या प्रोग्रामात एक मोठा खड्डा आहे आणि उन्हाळा तापला की कुणीतरी त्यात पडणार आहे.

तो खड्डा समजायला झाँसीचा पत्ता समजायला हवा. जुनं शहर परकोट्याच्या, म्हणजे तटाच्या, आत आहे आणि परकोट्याला गेटं आहेत. वस्त्यांची नावं त्या गेटांवरून पडली, पण एका नावावर दोन वस्त्या. दतिया गेट अंदर आणि दतिया गेट बाहर. ओरछा गेट अंदर, ओरछा गेट बाहर. बाहेर रुंद रस्ता, दुकानं, मोठा टँकर सहज वळेल अशी जागा. आत अशा गल्ल्या की समोरून सायकल आली तर एकाला ओट्यावर चढावं लागतं. तिथे लहान टाकी ओढणारा ट्रॅक्टरच जातो. इथलं शेंबडं पोर पत्ता सांगताना अंदर-बाहर सांगितल्याशिवाय राहत नाही.

अंकुर इथलाच, याच गल्ल्यांतून क्रिकेट खेळत वाढलेला. पाण्याच्या टँकरांचं कंत्राट घेणाऱ्या एका फर्मसाठी त्याने प्रोग्राम लिहिला. लोकांनी फोन करायचा, ऑफिसातल्या मुलीने पत्ता घालायचा, प्रोग्रामने टँकर नेमून द्यायचा. डेमो डोक्यावर आलेला. लोक पत्ते वाट्टेल तसे सांगतात, कुणी लांबलचक, कुणी तुटक. मग या पठ्ठ्याने पत्त्याचे पहिले दोन शब्द घेतले आणि पुढचं सगळं कापून टाकलं. दतिया गेट. बस. अंदर गेलं आणि बाहरही गेलं.

मी तेव्हाच त्याला हटकलं होतं. तो खुर्ची मागे कलती करून हसला. “अरे दीदी, ड्राइवर झाँसी का है. समझ जाएगा.”

आणि गंमत अशी की ड्रायव्हर समजले. पहिल्या उन्हाळ्यात सगळे इथले होते. फोन कुणाचा आहे हे नावावरूनच ओळखायचे. प्रोग्राम चालतो आहे असं खरेजींना वाटलं, कंत्राटदाराला वाटलं, अंकुरला तर वाटलंच. प्रत्यक्षात प्रोग्राम चालत नव्हता, ड्रायव्हर चालवत होते. पुढे कंत्राट वाढलं. टीकमगढकडून, शिवपुरीकडून नवे ड्रायव्हर आले. त्यांना पडद्यावर दिसायचं, दतिया गेट. ते मोठा टँकर घेऊन गेटापाशी यायचे, बाहेरच्या बाजूला भोंगा वाजवायचे, जे गोळा होतील त्यांना पाणी देऊन निघून जायचे. आतल्या बायका आपापल्या ओट्यावर भांडी मांडून बसलेल्या असायच्या. प्रोग्राममध्ये त्यांच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची की पाणी पोचलं.

मग तक्रारी सुरू झाल्या. ज्याची तक्रार येईल त्याच्यापुरता अंकुर एक अपवाद लिहायचा. हा फोन आला तर आत पाठव, तो आला तर लहान टाकी पाठव. प्रत्येक अपवाद घाईत लिहिलेला, प्रत्येकाच्या मागे कुणाचा तरी आरडाओरडा. रजनीने तो प्रोग्राम ओठ हलवत वाचला तेव्हा तिला तेच दिसलं, आणि तिने मला दाखवलं. “दीदी, देखिए. इसमें मोहल्ले नहीं हैं. इसमें बस वो लोग हैं जो चिल्लाए थे.” खरंच होतं ते. वकील होते, एका पेट्रोल पंपाचे मालक होते, कुणा पुढाऱ्याचे मेहुणे होते. जे ओरडले नाहीत ते प्रोग्रामच्या लेखी झाँसीत राहतच नव्हते.

अंकुरला मूर्ख म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. तो अजिबात मूर्ख नव्हता. त्याने आपल्यापुरता हिशेब अगदी बरोबर मांडला होता. नीट लिहिण्याचे कष्ट आज करायचे आणि ते आपणच करायचे. घाईत लिहिण्याचे कष्ट उद्यावर जातात, आणि उद्या ते दुसऱ्या कुणालातरी करावे लागतात, कारण तोवर आपण पुढच्या नोकरीत असतो. घर बांधणाऱ्याला त्या घरात राहायचंच नसेल तर तो मोरीचा उतार कशाला बघेल? त्याला दर्शनी भिंतीचा रंग पुरतो. मी असे किती अंकुर पाहिले. सगळे हुशार, सगळे पुढे गेलेले, आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी गुडघ्यावर बसून मोरी उपसतंय.

याहून संताप आणणारी एक गोष्ट आहे. चांगला लिहिलेला प्रोग्राम बंद पडत नाही. बंद पडत नाही म्हणून फोन येत नाही, आणि फोन येत नाही म्हणून तो कुणी लिहिला हे मालकाला आठवत नाही. वाईट लिहिलेला भर बाजारात कोसळतो, आणि ज्याने लिहिला तोच धावत येऊन त्याला उभा करतो, कारण त्यातली भोकं फक्त त्यालाच ठाऊक असतात. मालक म्हणतो, वा, काय पोरगा आहे! आग लावणाऱ्यालाच विझवल्याबद्दल शाल-नारळ देतात आमच्याकडे. हे मी चिडून लिहिते आहे हे मला कळतं. चिडूनच लिहायचं आहे.

चैत्र सरायच्या आत रजनी खरेजींच्या केबिनमध्ये गेली. मी बरोबर होते. तिने कागदावर गेटाचं चित्र काढून नेलं होतं, आतली बाजू, बाहेरची बाजू. ती म्हणाली, उन्हाळा पुरता तापायच्या आत मला थोडी सवड द्या, मी पत्ते नीट वेगळे करते, मग हे अपवाद लागणारच नाहीत. खरेजी चित्राकडे न बघता म्हणाले, “अभी चल रहा है ना?”

“चल तो रहा है, सर, लेकिन…”

“चल रहा है तो मत छेड़ो.”

आणि त्याच केबिनमध्ये, त्याच दुपारी, अंकुरला सवड मिळाली. पडद्यावर शहराचा नकाशा आणि त्यावर निळा टँकर सरकताना दाखवायचा होता. कंत्राटदाराला तो फार आवडणार होता. निळा टँकर गेटापर्यंत झकास सरकायचा. आत जायचा की नाही हे नकाशात दिसत नव्हतं, त्यामुळे विचारायचा प्रश्नच आला नाही.

मे महिन्यातली झाँसी ज्याने पाहिली नाही त्याला मी काय सांगू. किल्ल्याचा दगड संध्याकाळीही तव्यासारखा असतो. लू सुटली की रस्ते ओस पडतात, आणि त्या ओस रस्त्यावरून एखादा टँकर गळत गळत जातो. त्याच्या मागे डांबरावर ओली रेघ उमटते आणि बघता बघता वाळते. गल्लीतली कुत्री त्या रेघेवर येऊन पडतात. लग्नाच्या वराती निघतात, बँडवाल्यांच्या कोटांना घामाचे पांढरे पट्टे उठलेले असतात. आमच्या ऑफिसच्या जिन्याचा लोखंडी कठडा हात लावू देत नसे. ऑफिसातल्या कूलरचं गवत खरेजींनी कैक वर्षांत बदललं नव्हतं, तो नुसता गरम वारा आणि कुबट वास फेकायचा.

अशातच कुणा बड्या असामीच्या साडूने दतिया गेटच्या बाहेर घर बांधायला काढलं. त्याला रोज मोठा टँकर हवा होता, आणि सगळ्यांत आधी. अंकुर दुसऱ्या डेमोत गुंतलेला, म्हणून खरेजींनी रजनीला फर्मावलं, एक अपवाद लिही. रजनीने सांगून पाहिलं. रोजच्या टँकरला फोन येत नाही, तो पत्त्यावरच नेमावा लागतो, आणि प्रोग्रामला आत-बाहेर कळत नाही, हा अपवाद साऱ्या दतिया गेटला लागेल. “जितना कहा है उतना करो,” खरेजी म्हणाले. तिने तेवढं केलं. तिच्यापाशी दुसरं काय होतं?

दुसऱ्याच दिवसापासून दतिया गेटचा प्रत्येक फोन त्या बांधकामाच्या खात्यात जाऊ लागला. मोठा टँकर बाहेर यायचा आणि विटांवर पाणी मारायचा. आतल्या गल्ल्यांना थेंब नाही. पडद्यावर हिरव्या खुणाच खुणा.

मग त्या बायका आल्या. भर दुपारी, रिकामी भांडी घेऊन, चपलांच्या दुकानावरून जिना चढून. घडे, डबे, बादल्या. सगळ्यांत पुढे शकुंतला चाची होत्या, साठीच्या, पदर खोचलेला. कठडा हाताला भाजत होता तरी त्या त्याला धरून चढल्या. त्यांनी खरेजींच्या काचेच्या टेबलावर पितळी घडा आडवा केला. “लो, देख लो. तुम्हारे कम्प्यूटर में पानी आ गया, हमारे घड़े में नईं आओ.” घडा घरंगळला, एका बाईने तो खाली पडता पडता धरला.

खरेजी उभे राहिले, आमच्याकडे वळले आणि विचारलं, “आखिरी बार किसने छुआ था?”

आमच्या प्रोग्रामांत प्रत्येक ओळ कुणी शेवटची बदलली त्याचं नाव राहतं. कोणी बदलायला लावली त्याचं राहत नाही, कोणी आधी बजावलं होतं त्याचंही राहत नाही. अंकुरने मान वर न करता म्हटलं, “रजनी ने.” खोटं बोलला नाही तो. म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

“सर, मैंने पहले ही बताया था,” रजनी म्हणाली. तिच्या त्या हळू आवाजात. बायकांच्या गलक्यात ते कुणाच्या कानापर्यंत गेलंसुद्धा नाही.

“ऐ लड़की, कल से मत आना,” खरेजी म्हणाले. हे सगळ्यांना ऐकू गेलं.

अंकुरने चहा निवायच्या आत आणखी एक अपवाद लिहिला आणि लहान टाकी आत गेली. बायका पायऱ्या उतरल्या. खरेजींनी जलेबी मागवली. अंकुरच्या पाठीवर थाप मारली. मी खरेजींशी भांडले, आधी हिंदीत, मग हिंदी अपुरी पडली तेव्हा मराठीत, आणि मराठीत मी काय म्हणाले ते त्यांना कळलं नाही याची मला अजून हळहळ वाटते. रजनीने डबा पिशवीत घातला. आल्याचा गड्डा टेबलावरच राहिला. मी तो घेऊन बसस्टँडपर्यंत तिच्यामागे गेले, पण बस निघाली होती. त्याच आठवड्यात मीही ती नोकरी सोडली. तेव्हापासून घरून काम करते, परगावच्या एका कंपनीचं. तेही सांभाळायचंच काम. अंकुर पुढे दिल्लीकडे गेला. इंटरनेटवर स्वतःची ओळख देणाऱ्या पानावर त्याने लिहिलंय म्हणे की साऱ्या शहराची पाण्याची व्यवस्था त्याने उभी केली.

यंदाच्या त्या फोननंतर खरेजींनी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. या वेळी आवाज उतरला होता. कंत्राटदार कंत्राट काढून घेईन म्हणतो, नवीन पोरांना त्या प्रोग्रामचा शेंडा-बुडखा कळत नाही. “आप रजनी को बुला लाइए. मैं बोल दूँगा जो बोलना है.”

“माफी?”

“हाँ हाँ, वही. आप ले तो आइए.”

मी गेले. मला कबूल आहे की मी हरखून गेले. बसच्या खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता, शेतांत गहू कापणीला आला होता, आणि मी मनातल्या मनात रजनीचं काम आखत होते. आधी पत्ते वेगळे करायचे, मग एकेक अपवाद उपटायचा. बरुआसागरचा किल्ला दिसला, तळ्याचं पाणी काठापासून बरंच आत गेलेलं दिसलं. बाज़ारात कुणालाही विचारा, रजनीचं दुकान सापडतं. ती ऑनलाइन फॉर्म भरून देते, झेरॉक्स काढते, पोरांचे फोटो काढते. दाखल्यांचे दिवस, दुकानात गर्दी. पाठीमागे लहानसा कूलर चालू होता, त्याचं गवत नवं होतं. मला बघून ती चटकन उठली, स्टूल पुसलं, पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. खरेजी चुकलो म्हणणार आहेत. काम तिच्या हातात राहील, हवी तेवढी सवड मिळेल, मी बरोबर असेन. ती ऐकत होती आणि मधेमधे कुणाचे तरी कागद मशीनमध्ये घालत होती.

“वो मुझे वहाँ बुलाकर माफी माँगेंगे?” तिने विचारलं.

“हाँ.”

“निकाला उन्होंने था, और जाना मुझे है?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“रहने दीजिए दीदी. चल रहा है ना? तो मत छेड़िए.” ती हसली. ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. जी मुलगी दुसऱ्याचा कोड पोथीसारखा वाचायची तिच्या तोंडी हे वाक्य ऐकून मी हातातलं पाणी न पिताच खाली ठेवलं. अंकुरने आणि खरेजींनी तिची नोकरी घालवली हे मला ठाऊक होतं. त्यांनी तिला आपल्यासारखा विचार करायला शिकवलं हे मला त्या स्टुलावर बसून कळलं.

“और वो गेट के अंदर वाले?” मी विचारलं. “शकुंतला चाची? उनका क्या?”

तिने झेरॉक्सचं झाकण मिटलं. मग तोच जुना हळू आवाज आला. “उनसे कहिए, चिल्लाएँ. सब के सब, एक साथ. उस प्रोग्राम को और कोई भाषा नहीं आती. मैं नहीं चिल्लाई थी, देख लीजिए.”

निघताना तिने माझ्या पिशवीत आलं घातलं. मी नको म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी आधी रडले. मग तिच्या बोलण्याचा विचार करू लागले आणि माझ्या लक्षात आलं की रजनीने मला नुसता टोमणा मारला नव्हता, तिने उपाय सांगितला होता. एक माणूस ओरडला की एक अपवाद लिहून त्याचं तोंड बंद करता येतं. सगळी गल्लीच ओरडली तर किती अपवाद लिहिणार? मग प्रोग्राम नीट करावाच लागतो. नीट करणं महाग आहे म्हणून खरेजी ते टाळत होते. न करणं त्याहून महाग पडायला हवं होतं, आणि ते त्यांना स्वतःला पडायला हवं होतं, आतल्या बायकांना नाही.

मी उतरले ती घरी गेलेच नाही. ऑटो केली आणि दतिया गेटच्या आत गेले. ओट्यांवर रिकामी भांडी ओळीने मांडलेली होती. शकुंतला चाचींनी मला ओळखलं. “तुम तो बई ऑफिस वाली आओ?” मी म्हटलं, त्याच ऑफिसातली होते, आता नाही. मग मी त्यांना खरेजींचा स्वतःचा मोबाइल नंबर दिला. ऑफिसचा नाही, ज्याच्यावर ते मला ‘बस एक बार देख लीजिए’ म्हणतात तो. चाचींनी तो पोरीकडून ओट्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. शेजारणीने आपल्या ओट्यावर उतरवला. मी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तो पुढच्या वळणापर्यंत पोचला होता. मी सांगितलं, पाणी आलं नाही की लगेच लावायचा. एकेकीने नाही, सगळ्यांनी. आणि एकीला पाणी मिळालं तरी तिने थांबायचं नाही.

काल दुपारी नानांनी कूलर सुरू केला. नव्या गवतातून पहिला वारा आला, ओला, खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास असलेला, आणि नाना खुर्ची ओढून त्याच्यासमोर डोळे मिटून बसले. तेवढ्यात खरेजींचा फोन.

“वसुधा जी, ये आपने क्या कर दिया! सुबह से फोन रुक ही नहीं रहा! खाना नहीं खा पाया आदमी!”

“फोन चल रहा है ना?” मी म्हटलं. “तो मत छेड़िए.”

ते बरंच काही बोलले. मी कूलरच्या वाऱ्यात उभी राहून सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांचा आवाज बसला आणि ते म्हणाले, “अच्छा, उस लड़की का नंबर दीजिए. मैं बात कर लेता हूँ.”

“नंबर नहीं है,” मी म्हटलं. “बरुआसागर की बस स्टैंड से मिलती है. दुकान में भीड़ रहती है, लाइन में खड़े होना पड़ेगा. और वहाँ लड़की कहकर मत बुलाइएगा, खरेजी. रजनी जी कहिएगा. ज़ोर से, कि सबको सुनाई दे.”